इंग्लिश खाडीतला पेच

डिप्लोमसी या बोर्ड गेममध्ये फासे नाहीत, पत्ते नाहीत. पटावर १९०१ सालचा युरोप, सात सत्ता आणि ३४ पुरवठा केंद्रं. १८ केंद्रं ज्याच्या हाती, तो जिंकला. अ‍ॅलन कॅल्हॅमर या अमेरिकी तरुणाने १९५४ मध्ये हा खेळ रचला आणि १९५९ मध्ये स्वतःच त्याच्या ५०० प्रती काढल्या. खेळाडू आधी वाटाघाटी करतात, मग प्रत्येक जण आपले हुकूम गुपचूप कागदावर लिहितो आणि सगळे कागद एकदम उघडले जातात. इथे कुणाची खेळी आधी नाही, कुणाची नंतर नाही. त्यातूनच एक विलक्षण पेच जन्माला येतो.

त्यासाठी चार नियम पुरेत. प्रत्येक सैन्याची किंवा आरमाराची ताकद एक; दुसऱ्याने पाठिंबा दिला की दोन. समान ताकदीचे दोघे एकाच जागेवर चालून आले, तर दोघेही मागे फिरतात. पाठिंबा देणाऱ्यावर हल्ला झाला, तर पाठिंबा तुटतो. आणि आरमार सैन्याला समुद्रापार नेऊ शकतं; पण आरमारच हुसकावलं गेलं, तर सैन्य जागीच राहतं.

आता इंग्लिश खाडीत फ्रान्सचं आरमार आहे आणि ते ब्रेस्टचं सैन्य लंडनवर उतरवू पाहतंय. इंग्लंडचं वेल्समधलं आरमार लंडनमधल्या आरमाराच्या पाठिंब्याने खाडीवर चालून येतं. त्याच वेळी जर्मनीचं बेल्जियममधलं आरमारही उत्तर समुद्रातल्या आरमाराच्या पाठिंब्याने खाडीतच घुसतं.

निकाल लावून पाहा. समजा, फ्रेंच सैन्य लंडनवर हल्ल्याला पोहोचलं. मग लंडनचा पाठिंबा तुटला, वेल्सची ताकद एकवर आली, बेल्जियमची दोन. जर्मनीने खाडी जिंकली, फ्रेंच आरमार हुसकावलं गेलं; म्हणजे सैन्य पोहोचलंच नाही! बरं, पोहोचलं नाही असं धरू. मग लंडनचा पाठिंबा शाबूत, दोन विरुद्ध दोन, दोघेही परतले. फ्रेंच आरमार खाडीत टिकलं. म्हणजे सैन्य पोहोचलं! काहीही गृहीत धरा, निकाल स्वतःलाच खोटं पाडतो. ‘हे वाक्य खोटं आहे’ या वाक्यातली जी गाठ तर्कशास्त्रज्ञांना शतकानुशतकं छळत आली, तीच इथे सहा सोंगट्यांत उभी राहते.

१९६३ पासून हा खेळ टपालानेही खेळला जाऊ लागला. तिथे निकाल पंच लावत, आणि पंचाला उत्तर देणं भागच असतं. एक तोडगा असा: समुद्रमार्गे येणारं सैन्य आपल्याला वाहून नेणाऱ्या आरमारावरच्या हल्ल्याचा पाठिंबा तोडू शकत नाही. दुसरा सायमन शिकमन यांच्या नावाने ओळखला जातो: पेच पडला की ती समुद्रवाहतूकच रद्द. वरच्या डावात दोन्ही तोडग्यांनी सगळे जागीच राहतात. पण फ्रान्सने यॉर्कशरमधून ब्रेस्टच्या सैन्याला पाठिंबा दिला, तर? पहिल्या तोडग्याने लंडन पडतं, दुसऱ्याने वाचतं.

संदिग्धता नेहमी ढिसाळ लिखाणातूनच येते असं नाही, हे इथे लख्ख दिसतं. चारही नियम स्वच्छ आहेत. ते एकमेकांवर अवलंबून राहतात, तेव्हा त्यांच्यामधून नवा प्रश्न उगवतो. त्याचं उत्तर त्या चार नियमांत शोधून सापडत नाही, ते माणसांना एकमताने ठरवावं लागतं. म्हणूनच अर्थ लावणं हे नियम घडवण्याचंच पुढचं पाऊल आहे.