तुरट मद्य आणि स्निग्ध अन्न



आपल्याकडे षड्रसांचीं नांवें घेतांना कषाय, म्हणजे तुरट, रसाचा क्रम शेवटीं लागतो. गोडाचे भोक्ते घरोघर आहेत, आंबटतिखटालाही चाहते आहेत. पण तुरट म्हटलें कीं कच्चें केळें किंवा अर्धवट पिकलेलें जांभूळ आठवून तोंड वेडेंवांकडें होतें. तथापि स्पेनमधील एका प्रसिद्ध तांबड्या मद्याचा कणा म्हणजे हा तुरटपणाच. नुसत्या पेल्यांत तो दोष वाटतो आणि योग्य अन्नाशेजारीं गुण ठरतो. हें कसें घडतें तें आज पाहावयाचें आहे.

उत्तर स्पेनच्या उंच पठारावरून दुएरो नदी पश्चिमेकडे वाहत पोर्तुगालांत उतरते. तिच्या कांठच्या ज्या द्राक्षपट्ट्याला रिबेरा देल दुएरो म्हणतात, तेथील बरेच मळे समुद्रसपाटीपासून ७५० मीटरांहून अधिक उंचीवर आहेत. उन्हाळ्यांत दिवस तापतो, रात्र मात्र गार होते. त्यामुळें द्राक्ष पुरतें पिकतें, पण त्यांतील आंबटपणा उडून जात नाहीं. द्राक्षाची मुख्य जात तेंप्रानियो. स्पॅनिश भाषेंत ‘तेंप्रानो’ म्हणजे लवकर. ही जात लवकर पिकते म्हणून हें नांव. वेगा सिसिल्या ही येथील मद्यशाळा १८६४ पासूनची आहे. प्रदेशाच्या नांवाला कायदेशीर संरक्षण मात्र १९८२ मध्यें मिळालें.

तुरटपणाचें मूळ टॅनिन नांवाच्या द्रव्यांत आहे. तें द्राक्षाच्या सालींत व बियांत असतें. पांढऱ्या मद्यासाठीं बहुधा रस गाळून मगच आंबवितात. तांबडें मद्य सालींबियांसकट आंबवितात, म्हणून रंगाबरोबर टॅनिनही उतरतें. ओकच्या पिंपांत त्यांत थोडी भर पडते. पण काळ जातो तसा तुरटपणा निवतही जातो. ‘क्रियान्था’ म्हणवून घेण्यास येथील मद्याला निदान २४ महिने मुरावें लागतें, त्यांपैकीं १२ पिंपांत; ‘ग्रान रेसेर्वा’ला ६० महिने, त्यांपैकीं २४ पिंपांत.

आपली लाळ बुळबुळीत असते ती तिच्यांतील प्रथिनांमुळें. टॅनिन त्या प्रथिनांना धरून त्यांच्या गुठळ्या करतें. तोंडांतील वंगण नाहींसें होतें आणि जीभ व टाळू आंवळल्यासारखीं वाटतात. म्हणजे तुरटपणा हा चवीपेक्षां स्पर्शाचाच प्रकार अधिक. आयुर्वेदानें कषाय रसाला रूक्ष म्हटलें, तें या अनुभवाशीं जुळतें. रूक्षाला उतारा स्निग्धाचा. मांसांतील चरबी तोंडावर लेप चढविते, त्यांतील प्रथिनें टॅनिनला गुंतवून ठेवतात. उलट, चरबीनें जड झालेलें तोंड मद्याच्या घोटानें स्वच्छ होतें आणि दुसरा घास पहिल्याइतकाच रुचतो. उपकार दोन्हींकडून होतो.

कॅस्टीलच्या लोकांना हें रसायनशास्त्रावांचून कळलें. आरांदा दे दुएरो या गांवचा लेचाथो प्रसिद्ध आहे. केवळ आईच्या दुधावर वाढलेलें कोंकरूं मातीच्या पात्रांत, पाणी व मीठ एवढ्यावरच, लांकडाच्या भट्टींत भाजतात. वरची कातडी कुरकुरीत, आंत मऊ चरबी. मसाला असा नाहींच. त्याच्याशेजारीं तांबड्या मद्याचा पेला असतो. मेंढीच्या दुधाचें मुरलेलें चीजही याच न्यायानें जुळतें.

नाशिककडेही आतां तेंप्रानियोची लागवड झाली आहे, तेव्हां हा प्रश्न आपल्या ताटापर्यंत आला आहे. माशांशीं अशा मद्याचें फारसें पटत नाहीं. तांबड्या मद्यांतील लोहाच्या अंशामुळें माशाचा उग्र वास तोंडांत रेंगाळतो, असें जपानी संशोधकांनीं २००९ मध्यें दाखविलें. मिरचीचा जाळ मद्यार्कानें वाढतो, म्हणून झणझणीत रश्श्याबरोबर दोघांचीही चव बिघडते. बेताच्या मसाल्याचें भाजलेलें मटण मात्र चालेल.

मद्याची शिफारस करणें हा या भाषणाचा हेतु नव्हे. त्याचे अपाय सर्वश्रुत आहेत. ज्या घरांत त्याला थारा नाहीं, तेथेंही याचा पडताळा घेतां येतो. चहाची पूड उकळत्या पाण्यांत दहा मिनिटें ठेवा व कोरा घोट घ्या, जीभ आंखडेल. मग त्याच चहांत दूध घाला. दुधांतील प्रथिनांनीं टॅनिन धरलें कीं तोच चहा मऊ लागतो. तुरट पदार्थ एकटा चाखून त्याला नांवें ठेवूं नयेत. त्याच्याशेजारीं काय वाढलें आहे, तें आधीं पाहावें.