तुमचा खासदार कोणता? आधी नकाशा बघा!

वाशिमच्या कुठल्याही कॉलेजच्या कट्ट्यावर एक साधा प्रश्न टाकून बघा. ‘तुझा खासदार कोण रे?’

मंगरूळपीरहून येणारा म्हणेल, संजय देशमुख. मालेगावहून एसटीने येणारी म्हणेल, अनुप धोत्रे. दोघांचा जिल्हा एक, कलेक्टर एक, जिल्हा परिषद एक. वर्गात बसायचा बाकही एकच. पण त्यांचे खासदार लोकसभेत समोरासमोरच्या बाकांवर बसतात, एक सत्ताधारी आणि एक विरोधी. आणि काही जणांना तर उत्तरच येणार नाही. त्यांना दोष देऊ नका. आपल्या जिल्ह्यातून लोकसभेची एक रेघ गेलीय, हे सांगतो कोण?

अशीच एक रेघ अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या थेट कॅम्पसमधून गेली होती. तिची गोष्ट आधी ऐका. म्हणजे आपल्या रेघेकडे कसं बघायचं ते कळेल.

नॉर्थ कॅरोलिना हे अमेरिकेच्या दक्षिणेतलं राज्य. तिथल्या ग्रीन्सबरो शहरात ‘नॉर्थ कॅरोलिना ए अँड टी’ नावाचं विद्यापीठ आहे. कृष्णवर्णीयांसाठी सुरू झालेल्या अमेरिकेतल्या जुन्या शिक्षणसंस्थांपैकी हे एक मोठं नाव. २०१६ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने संसदेच्या मतदारसंघांचा नवा नकाशा केला आणि त्यातली एक रेघ या कॅम्पसच्या मधोमध, लॉरेल स्ट्रीट नावाच्या रस्त्यावरून गेली. रस्त्याच्या अलीकडचं होस्टेल एका मतदारसंघात, पलीकडचं दुसऱ्या. या पोरांची मतं बहुतेक डेमोक्रॅटिक पक्षाला जाणारी. ती दोन तुकड्यांत वाटली गेली आणि दोन्ही मतदारसंघांत रिपब्लिकन उमेदवार निवडून आले.

योगायोग? नाही हो. नकाशा करणाऱ्या समितीतल्या रिपब्लिकन नेत्याने उघड सांगितलं होतं की आमचं टार्गेट १३ पैकी १० जागा आहे, कारण ११ बसवता येतील असं वाटत नाही. इतका प्रामाणिकपणा आपल्याकडे भाषणातसुद्धा सापडणार नाही.

पोहे की कचोरी?

हे जमतं कसं, ते कॅन्टीनमध्ये बसूनच समजून घेऊ. समजा वर्गात ५० जण आहेत. ३० जणांना कचोरी हवी, २० जणांना पोहे. सगळ्यांचं एकत्र मतदान घेतलं तर कचोरी जिंकणार, प्रश्नच नाही. पण ठरलं असं की दहा-दहा जणांचे पाच गट करायचे. ज्या गटात ज्याचं बहुमत, त्याची एक जागा.

आता गट पाडायचं काम पोहेवाल्याकडे द्या. तो काय करील? तीन गटांत सहा-सहा पोहेवाले आणि चार-चार कचोरीवाले बसवील. उरलेल्या दोन गटांत नऊ-नऊ कचोरीवाले कोंबील, सोबत एकेक पोहेवाला. निकाल काय? पोहे तीन, कचोरी दोन. वीस जण तीस जणांवर भारी! आणि हेच काम कचोरीवाल्याकडे दिलं तर तो प्रत्येक गटात सहा कचोरी, चार पोहे असं सारखं वाटील. मग कचोरी पाच, पोहे शून्य.

एकाही माणसाने मत बदललेलं नाही. मतपेटीला कुणी हात लावलेला नाही. फक्त रेघा हलल्या. विरोधकांची मतं थोडी थोडी फोडून पसरवायची, नाहीतर एकाच ठिकाणी कोंबून वाया घालवायची. सगळा खेळ या दोन युक्त्यांचा.

खेळ जुना आहे. १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी आपल्या पक्षाच्या सोयीच्या नकाशावर सही केली. त्यातला एक मतदारसंघ इतका वेडावाकडा होता की तो सॅलामँडर या पालीसारख्या प्राण्यासारखा दिसायचा. बोस्टनच्या पेपरने त्याचं व्यंगचित्र छापलं आणि गेरी अधिक सॅलामँडर मिळून शब्द तयार झाला, ‘गेरीमँडर’. तेव्हा हे काम अंदाजाने व्हायचं. आता सॉफ्टवेअर गल्लीगल्लीचा कल सांगतं. आणि हे एकाच पक्षाचं पाप नाही. मेरिलँडमध्ये डेमोक्रॅट्सनी तेच केलं. २०२५ मध्ये टेक्सासने रिपब्लिकनांच्या पाच जागा वाढाव्यात म्हणून नकाशा बदलला, तर कॅलिफोर्नियाने सार्वमत घेऊन डेमोक्रॅट्ससाठी बदलला.

दक्षिणेत यात आणखी एक पेच आहे. तिथे गोरे मतदार बहुसंख्येने रिपब्लिकन, तर कृष्णवर्णीय मोठ्या प्रमाणात डेमोक्रॅट. म्हणजे रंग आणि पक्ष एकमेकांत मिसळलेले. वर्ण बघून मतं फोडली तर कोर्ट अडवू शकतं. अलाबामात कृष्णवर्णीय लोकसंख्या चौथ्या हिश्शाहून जास्त, पण सातपैकी एकाच जागेवर त्यांचा जोर होता. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो नकाशा मान्य केला नाही. पण त्याच कोर्टाने २०१९ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्याच खटल्यात सांगितलं होतं की पक्षाच्या फायद्यासाठी नकाशा केला असेल, तर त्यात संघराज्याची कोर्टं पडणार नाहीत. मग नकाशा करणारे काय म्हणणार? ‘आम्ही रंग नाही बघितला, पक्ष बघितला!’ ए अँड टीचा कॅम्पस शेवटी राज्याच्या कोर्टामुळे एकत्र आला. २०१९ मध्ये त्या कोर्टाने नकाशा रोखला आणि २०२० ची निवडणूक अखंड कॅम्पसने एकाच मतदारसंघात केली.

वाशिमची रेघ

आता आपल्याकडे या. वाशिमच्या रेघेमागेही असलाच डाव आहे का? मला तसं वाटत नाही. आपल्याकडे हे काम सत्ताधारी पक्ष थेट करत नाही. त्यासाठी परिसीमन आयोग असतो. मागचा आयोग निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंह यांचा. आमदार-खासदार त्यात सहयोगी सदस्य असतात, पण त्यांना मत नसतं. २००१ ची जनगणना धरून झालेला तो नकाशा २००८ मध्ये लागू झाला.

आणि त्यातलं वाशिमचं गणित बघण्यासारखं आहे. महाराष्ट्रात विधानसभेच्या जागा २८८, लोकसभेच्या ४८. म्हणजे एका लोकसभेत सहा विधानसभा. तेव्हा वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या होती साधारण १० लाख २० हजार. राज्याच्या सरासरीने एका आमदारामागे ३ लाख ३६ हजार लोक येत होते. भागाकार करा, आमदार तीन. लोकसभेसाठी लागतात सहा. म्हणजे वाशिम हा अर्ध्या खासदाराचा जिल्हा. कोणाला तरी जोडावाच लागणार.

शेजारी अकोला, त्याच्या पाच जागा. त्याला एक कमी पडत होती. मेडशी-पातूर रस्त्याने लागून असलेला रिसोड-मालेगावचा मतदारसंघ अकोल्यात गेला. उरलेले वाशिम आणि कारंजा यवतमाळ, दिग्रस, पुसद, राळेगाव यांच्याबरोबर बांधले गेले. वाशिमहून राळेगाव म्हणजे यवतमाळ ओलांडून पुढे! प्रचाराच्या गाडीचं डिझेल उमेदवारालाच विचारा. यवतमाळचीही सुटका झाली नाही. त्याच्या सातपैकी वणी आणि आर्णी चंद्रपूरला जोडले, उमरखेड हिंगोलीला.

गणित चुकलेलं नाही. पण या गणिताला उत्तर एकच नव्हतं. वाशिमचे तिन्ही मतदारसंघ एकत्र ठेवून यवतमाळचे तीन घेता आले असते, अकोल्याला सहावा दुसरीकडून देता आला असता. तसं केलं तर आणखी कुठला तरी जिल्हा फुटला असता, हेही खरं. कुणाला फोडायचं याची निवड कुणीतरी केली, आणि त्या निवडीत वाशिम फुटलं. दुसऱ्या पर्यायात निकाल काय लागले असते, कोण सांगणार?

गेलं काय, तेही ऐका. २००८ च्या आधी वाशिम नावाचा स्वतंत्र लोकसभा मतदारसंघ होता. १९७७ मध्ये पुसदचे वसंतराव नाईक इथून निवडून गेले. १९८० आणि १९८४ मध्ये चक्क जम्मू-काश्मीरचे गुलाम नबी आझाद. (घरी आजोबांना विचारा, त्या निवडणुकीचे किस्से निघतील.) १९९९ आणि २००४ मध्ये भावना गवळी. विधानसभेतून मेडशी आणि मंगरूळपीर ही मतदारसंघांची नावं पुसली गेली. विदर्भाच्या लोकसभेच्या जागा ११ वरून १० झाल्या, विधानसभेच्या ६६ वरून ६२. तिकडे ठाणे जिल्ह्याच्या १३ वरून २४! माणसं कामासाठी जिकडे गेली, तिकडे आमदारही गेले. वाशिम हा नीती आयोगाच्या ‘आकांक्षित’ जिल्ह्यांपैकी एक, म्हणजे मागे राहिलेला. जो मागे राहिला म्हणून पोरं बाहेर पडतात, त्याचाच दिल्ली-मुंबईतला आवाज त्यामुळे कमी होतो. मला या सगळ्यात हे सर्वांत जास्त खुपतं.

आणि हे पुन्हा होणार आहे. राज्याराज्यांतल्या जागांची वाटणी २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेली आहे, आणि जनगणनेची संदर्भ तारीख ठरलीय १ मार्च २०२७. तमिळनाडू, केरळ यांना धास्ती आहे की आम्ही लोकसंख्या आवरली, तर जागा कमी होण्याची शिक्षा आम्हालाच. म्हणून मार्च २०२५ मध्ये चेन्नईत स्टॅलिन यांनी बैठक बोलावली. मुंबई-ठाण्याच्या तुलनेत विदर्भाची भीती तीच आहे, फक्त त्यासाठी बैठक कोणी बोलावत नाही.

खरी चलाखी गल्लीत

अमेरिकेसारखा वास आपल्याकडे येतो तो लोकसभेत नाही, खालच्या निवडणुकांत. महापालिकांचे प्रभाग बघा. पुण्यात २००२ मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग, २००७ मध्ये एकाचा, २०१२ मध्ये दोघांचा, २०१७ मध्ये चौघांचा. दर निवडणुकीला आकडा बदलत गेला. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने कायदा करून प्रभाग पाडण्याचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेतले. कायदा एका आघाडीने केला, फायदा पुढच्या युतीलाही झाला. त्यामुळे रद्द करा म्हणून ओरडायचं कुणी?

जिल्हा परिषदेचे गट आणि पंचायत समितीचे गणही असेच पाडले जातात. वाशिम जिल्हा परिषदेच्या जागा ५२. गाव या गटातून त्या गटात गेलं की एखाद्याची पाच वर्षांची मेहनत पाण्यात. नियम आहेत. रचना उत्तरेकडून सुरू करून दक्षिणेला संपवायची, शक्यतो नदी, नाला, रस्ता यांची हद्द धरायची, दलित-आदिवासी वस्त्या फोडायच्या नाहीत. नियम मोडल्यासारखा वाटला तर हरकत घेता येते. प्रारूप आराखडा जाहीर होतो, तो तहसीलमध्ये बघायला मिळतो आणि हरकतीची मुदत असते मोजके दिवस. त्या दिवसांत तिथे कोण दिसतं? इच्छुक उमेदवार आणि त्यांचे कार्यकर्ते. म्हणजे नेमके पोहेवाले आणि कचोरीवाले.

हरकत लिहायला वकील लागत नाही, पक्षाचं कार्डही लागत नाही. साध्या कागदावर आपलं नाव, गाव, गटाचं नाव लिहायचं. कुठली हद्द कुठल्या नाल्यावरून जायला हवी होती आणि प्रत्यक्षात कुठून गेली ते लिहायचं, सोबत नकाशाची झेरॉक्स जोडायची. अर्ज आवक विभागात देऊन पोच घ्यायची. सुनावणीला बोलावलं तर जायचं, आणि गावचे नाले ज्याला पाठ आहेत असा एखादा मित्र सोबत न्यायचा.