घाटाखालचं पाणी आणि जुनी मारुती

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस मीटर बघतो, दार आपटून बघतो, सीट दाबून बघतो. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात त्यानं आधी बॉनेट उघडावं आणि इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण काढावं. गेल्या तीसेक वर्षांत इथल्या जुन्या मारुती ८०० ज्या दुखण्यांनी गॅरेजला लागल्या, त्यातलं सगळ्यात खर्चिक दुखणं माझ्या मते तिथंच दिसतं.

दिल्लीत १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली ८०० मालकाच्या हाती पडली. आपल्याकडच्या बेताच्या कमाईच्या घरांत ती आली ती पुढं बऱ्याच वर्षांनी, आणि तीही दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडून. मुंबईकडची असली तर खाऱ्या हवेनं तळाचा पत्रा खाल्लेला असायचा. नवा पत्रा मारला की ते काम भागायचं. इंजिन साधं, तीन सिलिंडरचं, ७९६ सीसी. चोक अडकला, कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये कचरा आला, पॉइंट घासले, तरी मिस्तरी स्क्रू ड्रायव्हर आणि पॉलिश पेपरवर गाडी चालू करून द्यायचा. या किरकोळ कामांनी कुणाचं घर बसलं नाही.

घर बसवलं ते गाडी गरम होण्यानं. मे महिन्यात घाटाखाली, मलकापूर-नांदुऱ्याकडं, उन्हात उभं राहवत नाही. तिथून बुलढाण्याला यायचं तर राजूर घाट चढावा लागतो. गाडीत पाच माणसं, दुसरा गिअर, इंजिनावर पूर्ण भार आणि वेग नसल्यामुळं समोरून वारा नाही. सगळी मदार रेडिएटरवर. त्यात भरलेलं असतं विहिरीचं नाहीतर बोअरचं पाणी. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगावकडचा पूर्णा नदीचा काठ म्हणजे खारपाणपट्टा, तिथलं जमिनीतलं पाणीच खारं. जे पाणी तिथल्या माणसांच्या मूत्रपिंडांना सोसेना, ते इंजिनाला कसं सोसावं? क्षार बसून रेडिएटरच्या नळ्या आतून चोंदतात, गंज सुटतो, तळाशी तांबडा गाळ साचतो.

मग सुरू होतात तात्पुरते इलाज. रेडिएटर गळायला लागला की त्यात हळद टाकायची. तिनं गळती थांबते खरी, पण उरलेल्या नळ्याही बुजतात. थर्मोस्टॅट काढून फेकायचा, पंखा सतत फिरेल असा डायरेक्ट करायचा. तापमानाचा काटा खाली राहतो, मालक खूश होतो, पण इंजिन हवं तेवढं तापत नाही, पेट्रोल जास्त लागतं आणि आतला गाळ तसाच राहतो. एखाद्या दुपारी घाटात काटा वर जातो, ‘पोचूच आता’ म्हणून गाडी दामटली जाते आणि ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. गॅस्केट उडते, पाणी ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक ओढली तर तिला दुधाच्या चहासारखं काहीतरी चिकटलेलं दिसतं. काही शे रुपयांचं कूलंट वाचवलेलं असतं. हेडला प्लेन मारणं, गॅस्केट, ऑइल, मजुरी धरून काही हजार जातात, आणि ते बहुधा सोयाबीनच्या पैशातून. मला याचंच फार वाईट वाटतं. चूक मिस्तरीची म्हणावी, तर त्याच्याकडं आलेला माणूस दोनशे रुपयांत गाडी घरी जाईल एवढी करून द्या म्हणत असतो.

२००० च्या सुमारास कार्ब्युरेटर गेला आणि एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल फवारणारं इंजेक्शन, आलं. रोजची कटकट कमी झाली, पण सेन्सर किंवा टाकीतला पंप गेला की स्क्रू ड्रायव्हरचा उपयोग संपला. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग सुरू झाला आणि गावच्या रस्त्यावर निभावून गेलेले कडक पडलेले टायर ताशी शंभरच्या वेगानं काँक्रीटवर धावू लागले. जुन्या टायरवर त्या रस्त्याला जाऊच नये. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग आणि गॅस्केट त्यामुळं लवकर बदलावे लागू शकतात, हे सरकारनंही मान्य केलं आहे.

कागदांचा खर्चही वाढला. पंधरा वर्षांनंतर कारची नोंदणी वाढवायला पूर्वी ६०० रुपये लागायचे, एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले. वीस वर्षांपुढच्या कारला २०२५ पासून १०,००० लागतात. शेवटची ८०० जानेवारी २०१४ मध्ये बनली, म्हणजे २०२९ मध्ये तीही या रांगेत येईल. सुट्या भागांची मात्र अजून चिंता नाही, कारण तेच इंजिन ओम्नीत २०१९ पर्यंत बसत होतं. म्हणून जुनी ८०० घेतलीच तर आधी रेडिएटर धुऊन घ्यावा, थर्मोस्टॅट परत बसवावा आणि कूलंट डिस्टिल्ड पाण्यातच कालवून भरावं.