बादली अर्धी म्हणजे किती?

गणिताच्या पुस्तकातली टाकी शाळेत गेलेल्या प्रत्येकाला आठवते: एका नळाने ती 4 तासांत भरते, दुसऱ्याने 6 तासांत रिकामी होते. दोन्ही नळ चालू ठेवले तर 12 तास, एवढे उत्तर आले की टाकी विसरायची. पाणी येते कुठून, हे गणिताला विचारायचे नसते. घरातलेच पाणी मोजायला घेतले की गणित अवघड होते, आणि म्हणूनच शिकवण्याजोगे. साधी बादली घ्या. तळाची त्रिज्या 10 सेंमी, काठाची 14, उंची 28. दहावीच्या शंकूछेदाच्या सूत्राने तिच्यात सुमारे 12.8 लिटर पाणी मावते. अर्ध्या उंचीपर्यंत भरली की 6.4 लिटर झाले, असे कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात ते जेमतेम 5.3 लिटर भरते, कारण बादली खाली निमुळती असते. लिटरच्या मापाने पाणी ओतून मुलीने हे स्वतः पाहिले, की सूत्र कशासाठी आहे ते वेगळे सांगावे लागत नाही.

यात वेळ जातो, अभ्यासक्रम मागे पडतो, अशी तक्रार होईल. पण घनफळ, सरासरी, शेकडेवारी हाच तर अभ्यासक्रम आहे. दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो: घरच्या पाण्याचा हिशेब मागितला, तर टँकरची वाट पाहणाऱ्या घरातले मूल वर्गात ओशाळेल. म्हणून आकडे बिननावाच्या चिठ्ठ्यांवरच घ्यावेत, आणि कमी वापराला सरसकट शाबासकी देऊ नये. जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी रोज 55 लिटर हे प्रमाण धरले आहे. त्याच्या बरेच खाली गेलेला आकडा बहुधा काटकसर नव्हे, टंचाई सांगतो. वर्गाची सरासरी 55 च्या वर असूनही निम्म्याहून अधिक घरे खाली असू शकतात, हे मुलांच्या लक्षात आले तर सरासरी खरी समजली.

सगळ्यात जास्त पाणी शेतीला लागते, मग घरातल्या बादल्या मोजून काय साधणार? मोठे आकडे वाचता येतात, हे साधते. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला गेली. 10 वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर. 2011 च्या जनगणनेत शहराची वस्ती 3 लाख 80 हजारांच्या आसपास होती. भागाकार करा: माणशी 1.3 लिटर. पुढे 50 वाघिणींची गाडी धावू लागली, तेव्हा एका खेपेत माणशी वाटा साडेसहा लिटरांवर गेला, म्हणजे वरची बादली जेमतेम अर्धी.