रक्त थांबल्यावर

सकाळी ९. आजरा. दवाखान्याचं शटर वर जायच्या आत पायरीवर चार जण. सुगी उरकलीय, त्यामुळे कंबर आणि गुडघेच जास्त.

१०.३०. एक मामा. तीन महिने आवाज बसलाय. रात्री खोकल्यातून वाटीभर लालभडक रक्त पडलं. पिशवीत थुंकीचे दोन रिपोर्ट, क्षयाचे जंतू नाहीत. "आता कायबी नाही ओ डाक्टर, भाकरी खाऊन आलोय." दाब १७०/१००, गोळी वर्षभर बंद.

११. एक्स-रे. हृदयाच्या वर डावीकडे महारोहिणीची कमान भलतीच फुगलेली. आवाजाची डावी नस या कमानीखालून वळसा घालून स्वरयंत्राकडे परत जाते. तीच दाबली गेलीय. आणि हा फुगा श्वासनलिकेच्या फांदीत झिजून उतरला की रक्त खोकल्यातून येतं. पहिला रक्तस्राव छोटा असतो, गुठळी बूच मारते. पुढचा कधी होईल याचा नेम नाही. मामांना ज्याने धीर आलाय, त्याचीच मला धास्ती.

११.२०. मुलगा म्हणतो, "उद्या न्हेतो, म्हशीची धार हाय." नाही. आत्ताच. चहासुद्धा द्यायचा नाही.

१२. शिरेतून दाब उतरवायचं औषध, खोकल्याला औषध. १०८ निघाली: उत्तूर, निपाणी, कोल्हापूर. मी गुडघ्यांकडे वळलो.

४. सर्जनचा फोन. सीटीत साडेसहा सेंटिमीटर. एरवी साधारण साडेपाचला ऑपरेशनचा विचार होतो. रक्त पडल्यावर मापाला अर्थ उरत नाही. छाती उघडून तेवढा भाग काढायचा आणि डेक्रॉनची नळी शिवायची, हा जुना रस्ता. त्यात मज्जारज्जूचा रक्तपुरवठा तुटून पाय जायची भीती. दुसरा, जांघेतल्या रोहिणीतून आवरण घातलेला स्टेंट सरकवायचा. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी छातीतल्या फुग्यांसाठी तो वापरल्याचं १९९४ साली छापून आलं. रक्त लगेच थांबतं, पण श्वासनलिकेचं भोक तसंच राहतं आणि जंतू नव्या नळीवर बसू शकतात. फुगा अन्ननलिकेत फुटला असता तर नुसत्या स्टेंटवर भागलंच नसतं, अन्ननलिकेचंही ऑपरेशन आलं असतं. मामांना जांघेचा रस्ता ठरला.

रात्री ९.३०. मुलाचा फोन. "दोन्ही पाय हलवत्यात. जंतूंचं औषध किती दिस?"

"काही महिने. दाबाची गोळी मात्र कायमची."

"त्येंनाच सांगा ओ, माझं ऐकत नाहीत."