दगडाच्या पोटातलं बिऱ्हाड

डिसेंबर १९०३ मध्ये रॉबर्ट स्कॉट आणि त्याचे दोन साथीदार अंटार्क्टिकातल्या एका अजब दरीत उतरले. चहूकडे बर्फच बर्फ आणि मध्येच ही कोरडी ठणठणीत, दगडगोट्यांची दरी. इथे जिवंत असं काही नाही, शेवाळसुद्धा नाही की दगडफूलही नाही, अशी नोंद स्कॉटने केली. नजरेला दिसलं तेवढं त्याने प्रामाणिकपणे लिहिलं. वस्ती होती, पण ती आसपासच्या डोंगरांतल्या वालुकाश्माच्या आत होती.

ती उजेडात यायला आणखी सत्तर वर्षं लागली. वुल्फ विश्नियाक हा अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ १९७३ मध्ये याच भागात कड्यावरून कोसळून मरण पावला. त्याने जमवलेले दगड पुढे इम्रे फ्रीडमन या जीवशास्त्रज्ञाकडे पोचले. फ्रीडमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अशा दगडांच्या आत आधी नीलहरित सूक्ष्मजीव आणि नंतर दगडफुलं शोधली.

असा दगड फोडून कडेने पाहिला, तर बाहेर तांबूस, टणक कवच. त्याखाली काळी रेघ, मग पांढरा पट्टा आणि त्याखाली हिरवा. सगळं मिळून सेंटिमीटरभराचा मामला. काळ्या थरात बुरशी आणि शैवाल एकत्र नांदतात. त्यांचा गडद रंग कडक उन्हापासून आडोसा करतो. पांढऱ्या थरात वाळूच्या कणांभोवती बुरशीचे धागे पसरलेले असतात. हिरव्यात शैवाल. वालुकाश्म सच्छिद्र असल्यामुळे वितळलेलं बर्फ आत झिरपतं आणि कण अर्धपारदर्शक असल्यामुळे थोडा उजेडही पोचतो. शिवाय ऊन लागलं की दगड भोवतालच्या हवेपेक्षा पुष्कळ तापतो. दक्षिण गोलार्धात हे ऊन उत्तरेकडून येतं, म्हणून वस्तीही उत्तराभिमुख उतारांवर जास्त. बुरशीची आम्लं कणांमधला सांधा हळूहळू विरघळवतात, वरचा पापुद्रा सुटून पडतो आणि बिऱ्हाड आणखी आत सरकतं. वर्षाकाठी काहीशे तासच चालणारा हा संसार!

बुरशी आणि शैवाल (कधी नीलहरित जिवाणू) यांची ही जोडी म्हणजेच शैवाक, लायकेन. आपल्या गोड्या मसाल्यात पडतं ते दगडफूल याच गोतावळ्यातलं. अंटार्क्टिकात मूळची फुलझाडं फक्त दोन जातींची. दगडफुलांच्या जाती मात्र साडेतीनशेहून अधिक. दक्षिणेला ८६ अंशांपर्यंत ती सापडली आहेत.

इतक्या दूर ती जागा शोधतात कशी? शोधत नाहीतच. बीजाणू, पावडरीसारखे कण, वाळून तुटलेले तुकडे वारा उधळतो. त्यातले बहुतेक वाया जातात. थंडीचं म्हणाल, तर दगडफुलाला तिचं फारसं काही वाटत नाही. कोरडं पडलं की ते निपचित होतं, ओल मिळाली की पुन्हा कामाला लागतं. शून्याखाली १७ अंशांवरही अंबिलिकारिया या दगडफुलाच्या एका जातीत प्रकाशसंश्लेषण चालू असल्याचं मोजलं गेलं आहे. खरी अडचण पाण्याची. शैवालाशी संसार थाटलेल्यांना नुसत्या दमट हवेवर भागवता येतं. नीलहरित जिवाणूंच्या जोडीदारांना मात्र प्रत्यक्ष पाणीच लागतं. म्हणून ही दुसरी मंडळी मुख्यतः अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या ओलसर किनारी भागातच आढळतात.

बर्फ हवं, पण बेताचं. कॅनडाच्या बॅफिन बेटावर पठारांवर फिक्या दगडांचे मोठे पट्टे दिसतात. लघुहिमयुगात तिथे बर्फ वर्षानुवर्षं वितळलंच नाही आणि खालची दगडफुलं मेली. वाऱ्याने भिरकावलेली वाळू आणि हिमकण दगड खरवडतात, तेव्हा खाच किंवा भेग असेल तिथेच जम बसतो. खताची सोय पक्षी करतात. स्नो पेट्रेल समुद्रात चरून आतल्या डोंगरांवर घरटी करतो. त्याच्या विष्ठेतलं नायट्रोजन मिळालं की झँथोरिया हे केशरी दगडफूल दगड रंगवून टाकतं. मला विचाराल तर ध्रुवीय प्रदेशातलं हे सगळ्यात सुंदर देणंघेणं आहे.

भारताचं मैत्री केंद्र १९८९ पासून ज्या शिर्माकर टेकड्यांवर आहे, तिथेही दगडफुलं आहेत. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी तिथल्या जातींची यादी केली आहे.

कोरड्या दऱ्यांत, दगडाच्या पृष्ठभागावर वाढणारं ब्युएलिया फ्रिजिडा शंभर वर्षांत जेमतेम मिलिमीटरभर पसरतं. द्वीपकल्पाकडे वेग बराच जास्त, तरी कवचासारख्या जाती तिथेही वर्षाला मिलिमीटरच्या आतच. हल्ली मुंबई-पुण्याहूनही लोक अंटार्क्टिकाच्या सहलीला जातात. जहाजावरून उतरण्याआधी बूट धुवायला लावतात आणि दगडफुलांवर पाय देऊ नका असं बजावतात. जाणार असाल, तर पेंग्विनकडे बघत चालताना पायाखालीही बघा.