टाकीतला खरा इको

रायपूरच्या सदर बाजारातल्या सराफाच्या तराजूवर गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो, कारण त्या तराजूची ठरावीक मुदतीने पडताळणी होऊन त्यावर शिक्का बसतो. इंधनाच्या टाकीवरच्या रडार लेव्हल ट्रान्समीटरचा आकडा मात्र पडद्यावर दिसला की बहुधा तसाच खरा धरला जातो. वास्तविक त्या आकड्यामागे एक निवड असते. टाकीच्या माथ्यावर बसवलेले हे उपकरण खाली सूक्ष्मलहरी सोडते आणि त्या परत यायला लागलेल्या वेळेवरून पातळी काढते. मीटरभर अंतर जाऊन-येऊन कापायला सुमारे ६.७ नॅनोसेकंद पुरतात. पण लहरी शिडी, नळ्या आणि तळ यांवरूनही परततात. परतलेल्या या लहरी म्हणजे इको. कोणता इको धरायचा आणि कोणता गोंगाट म्हणून सोडायचा, हे थ्रेशोल्ड, म्हणजे इकोच्या ताकदीची किमान मर्यादा, ठरवतो. म्हणून तो त्या टाकीच्या नोंदी पाहूनच बसवला पाहिजे. अलार्म गप्प व्हावा एवढ्यासाठी कधीही नाही.

याचे कारण द्रवाच्या स्वभावात आहे. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ८० च्या आसपास असल्याने ते लहरींची साठ टक्क्यांहून अधिक शक्ती परत फेकते. पेट्रोलचा सुमारे २, त्यामुळे तिथून जेमतेम ३ टक्के परत येते. उरलेली लहर द्रवातून आरपार जाऊन तळाच्या पत्र्यावर आपटते. टाकी रिकामी होत आली की तळाचा इको पृष्ठभागाच्या इकोला सहज झाकतो. अशा वेळी थ्रेशोल्ड उंच असेल तर खरी पातळी हरवते, खाली असेल तर शिडीच पातळी ठरते. म्हणून रिकाम्या, अर्ध्या आणि भरत असलेल्या टाकीचे इको-आलेख जतन करावेत, सर्वांत क्षीण खरा इको आणि सर्वांत मोठा गोंगाट यांच्यामध्ये पुरेसे अंतर राखून थ्रेशोल्डची रेषा बसवावी आणि हाताने घेतलेल्या डिपशी, म्हणजे टाकीत फीत किंवा पट्टी सोडून घेतलेल्या मापाशी, आकडा ताडून पाहावा. एकाच उंचीवरचा खोटा इको दाबायला संपूर्ण रेषा उचलू नये. तेवढ्याच उंचीवर त्याची नोंद करून तो वगळावा.

यावर कोणी म्हणेल, ८० गिगाहर्ट्झची नवी उपकरणे अरुंद झोत टाकतात आणि थ्रेशोल्ड स्वतःच ठरवतात. झोत अरुंद असल्याने शिडी टळते हे खरे, पण पेट्रोलचे क्षीण परावर्तन टळत नाही, आणि स्वयंचलित निवडही कुणीतरी तपासावीच लागते. दुसरा आक्षेप असा, की पातळी फार वर गेल्यास भरणे थांबवणारा स्वतंत्र हाय-लेव्हल स्विच टाकीच्या वर असतोच. इंग्लंडमधल्या बन्सफील्ड डेपोत ११ डिसेंबर २००५ रोजी तोही होता. तिथला पातळीमापक रडारचा नव्हता, सर्वो पद्धतीचा होता. तो अडकला, पेट्रोल भरत असताना आकडा जागचा हलला नाही आणि स्विचही चालला नाही. टाकी ओसंडली, स्फोट झाला, ४३ जण जखमी झाले. तो मापक आधीही वारंवार अडकला होता, तरी मूळ दोष दूर झाला नव्हता. थ्रेशोल्ड बदलताना जुना आकडा, नवा आकडा आणि कारण लिहून ठेवण्याचे मोल इथे कळते. अशी नोंद असली तर पुढच्या शिफ्टच्या माणसाला दोष पुन्हा पुन्हा उद्भवतो आहे हे दिसते, आणि तो आकडा जुळवून न थांबता कारण शोधतो.